नोंदणीकृत

३ फेब्रुवारी

अप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. हात धजला नाही, राहू दे.

सहा वर्षांनी तुमचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि जिन्यातच बसले. वाटलं आईला काहीतरी झालं, त्याशिवाय तुम्ही कशाला लिहाल. फोडून बघते तर तीन ओळी. 'माझी एक विद्यार्थिनी तुझ्या हॉस्पिटलात मुलाखतीला येते आहे. हात चांगला आहे. लक्ष असू दे.' खाली पूर्ण नावाची सही, आडनावासकट, सर्टिफिकेटवर करता तशी. पोटच्या मुलीला आडनावासकट सही!

मी कशी आहे, एका शब्दाने विचारलं नाहीत. विद्यार्थिनीचा हात चांगला आहे हे मात्र कळवलंत.

तर नीट ऐका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की आई फोन ठेवून देते, म्हणून लिहिते आहे. तुमच्या विद्यार्थिनीकडे मी लक्ष देणार नाही. देऊ शकत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा वर्कशॉपला एक म्हातारे प्रमुख होते. त्यांनी माझा कागद बघितलाच नाही. एक जुना कृत्रिम पाय हातात दिला आणि म्हणाले, "यात चूक काय आहे ते सांग." मी सांगितलं, घोटा दोन अंश आत वळलाय. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. तुम्ही ही गोष्ट आल्या-गेल्याला सांगता, मला माहीत आहे. पण ते गृहस्थ रिटायर झाले. आता एचआरच्या बाई आहेत, आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक यादी आहे. मंडळाने मान्यता दिलेल्या अकरा संस्थांची. त्या अकरांत तुमची पाय बनवायला शिकवणारी शाळा नाही.

तुमच्या पाटीवर 'नोंदणीकृत' असं हातभर अक्षरात लिहिलंय. नोंदणी किराणा दुकानाचीही होते, अप्पा. मान्यता वेगळी. हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या मुलीला सांगितलंय का?

तिला येऊ देऊ नका. उगाच तोंडघशी पडेल.

— तुमची मुलगी (आडनाव तुम्हाला माहीत आहे)


१९ फेब्रुवारी

अप्पा,

पाठवलीतच तिला.

मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो. हाडांचे मोठे डॉक्टर, एचआरच्या बाई आणि मी. उमेदवारही तीन. दोघं यादीतल्या संस्थांचे, इस्त्रीचे शर्ट, पारदर्शक फोल्डरमध्ये लावलेले कागद. तिसरी तुमची. तिच्या अर्जावरचं शाळेचं नाव वाचलं आणि मी कागद पालथा ठेवला.

प्रॅक्टिकल मीच लावलं होतं. गुडघ्याखाली पाय गेलेल्या पेशंटचा प्लास्टरचा साचा, कानस, एक तास. दोघा मुलांनी लगेच घासायला सुरुवात केली. तुमची विद्यार्थिनी साचा हातात घेऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "हा पेशंट काम काय करतो?"

डॉक्टर म्हणाले, "त्याचा काय संबंध?"

"दिवसभर उभा राहत असेल तर वजन वेगळ्या जागी घ्यावं लागेल."

अप्पा, पहिल्या दिवशी वर्गात फळ्यावर तुम्ही हेच लिहायचात. माझ्या पाठीवरून मुंगी चालल्यासारखं झालं. नंतर तिनेच सांगितलं की तुम्ही तिला 'मुंगी' म्हणता. शोभतंही. एवढीशी आहे आणि हात थांबत नाहीत. गुडघ्याच्या वाटीखाली घासून काढलं, नडगीच्या टोकावर प्लास्टर चढवलं, म्हणजे सॉकेटच्या खोबणीत हाड टोचणार नाही. मध्येमध्ये डोळे मिटून अंगठ्याने चाचपत होती. बाकीच्या दोघांपैकी एकाने नडगीच घासून टाकली. तो पाय कुणी घातला असता तर आठवड्यात रक्त आलं असतं.

मग आम्ही तिघं आत बसलो. डॉक्टर म्हणाले, "मुलगी बरी वाटली." बाईंनी काचेवर बोट ठेवलं. "यादीत नाही." डॉक्टरांनी खांदे उडवले. मग बाई माझ्याकडे वळल्या. "सीनियर तुम्ही आहात. तुमचं काय मत?"

मी म्हणाले, "यादीत नाही म्हणजे नाही."

मी म्हणाले. बाईंनी 'लिहा' म्हणायच्या आधी मी शेरा लिहून मोकळी झाले. नडगी घासणाऱ्याला घेतलं.

बाहेर ती बाकावर बसली होती. मला बघून उठली. "ताई, मास्तर म्हणाले होते तुम्ही इथे आहात म्हणून. बरं झालं भेटलात." तोंडभर हसली. मी म्हटलं, निकाल पत्राने कळेल. आणि चालू लागले, जशी काही मला गाडी पकडायची होती.

हे मला करायला लावलंत तुम्ही. मी आधी सांगितलं होतं. तुम्ही पाठवलंत कशाला? माझी परीक्षा बघायला? आता समाधान झालं असेल.


४ मार्च

अप्पा,

हे पत्र आईला वाचायला देऊ नका. डोळ्यांत औषध घातलंय वगैरे सबबी सांगू नका, चष्मा लावा आणि स्वतः वाचा.

मुंगीने हॉस्पिटलच्या संचालकांना लेखी तक्रार केली आहे. एक पानाची, खाडाखोड न करता. 'माझी शाळा मान्यताप्राप्त नाही म्हणून मला नाकारलं, याबद्दल म्हणणं नाही. पण मला नाकारणाऱ्या सीनियर टेक्निशियन त्याच शाळेच्या आहेत. त्यांना एक नियम आणि मला दुसरा का?' सोबत पुरावा जोडलाय. पुरावा काय, तर तुमचं माहितीपत्रक! पान दोन. माझा फोटो. बावीस वर्षांची मी, केस घट्ट बांधलेले, हातात पाय. खाली, 'आमची माजी विद्यार्थिनी, सध्या नामांकित हॉस्पिटलात कार्यरत.'

मला विचारलंत का कधी? सहा वर्षं बोलत नाही आपण, आणि सहा वर्षं माझा फोटो दाखवून मुलं भरताय!

बाईंनी बोलावलं. माहितीपत्रक उघडून समोर ठेवलं.

"या तुम्हीच ना?"

"हो."

"मग यादीत नाही म्हणजे नाही, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा त्या यादीत तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी माझी फाइल काढली. सहा वर्षांपूर्वी सगळ्यांकडून नवा फॉर्म भरून घेतला होता. त्यात 'संस्थेचा मान्यता क्रमांक' या रकान्यात मी एक नंबर लिहिलाय. बाईंनी विचारलं हा कुठला. मी म्हटलं, शाळेचा आहे, वडिलांनी दिलेला.

आता मला पेशंटला हात लावायला बंदी आहे. चौकशी होईपर्यंत भांडारात बसायचं. पट्टे, बकलं, फोमच्या लाद्या. खाली वर्कशॉपमध्ये नडगी घासणारा मुलगा माझ्या टेबलावर काम करतो. एक बस कंडक्टर आहेत, त्यांचा पाय मी तीनदा बनवलाय. ते भांडाराच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर कधी येणार? तो पोरगा माझ्या पायाशी भांडण असल्यासारखा वागतो." हसू आलं, आणि नंतर दार लावून रडले. फोमच्या लाद्यांत आवाज चांगला मुरतो.

मला कागद पाठवा. मान्यतेबद्दल तुम्ही मंडळाशी जो काही पत्रव्यवहार केला असेल तो सगळा. तुम्ही अर्ज केला होतात, त्यांनी अडवलं, पैसे मागितले, असं लहानपणापासून ऐकत आलेय. ते सिद्ध करणारा एक तरी कागद असेल. लगेच पाठवा.


१२ मार्च

अप्पा,

पाकीट मिळालं. आत कागद नव्हते. तुमचं एक वाक्य होतं. 'चांगल्या कामाला कागदाचा टेकू लागत नाही.'

मग सर्टिफिकेट कशाला छापता? सोनेरी कडा कशाला? दरवर्षी शेवटच्या दिवशी सतरंजी अंथरून, पाहुणे बोलावून, प्रत्येकाच्या हातात कागदच देता ना? त्या दिवशी प्रत्येकाला फक्त हात दाखवून घरी पाठवा!

उद्या रजा टाकून मंडळाच्या ऑफिसात चालले आहे. तुम्ही दाखवत नसाल तर मी स्वतः बघते.


२१ मार्च

अप्पा,

बघितलं.

मंडळाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद. बाहेर बाकावर पाच जण, सगळ्यांच्या मांडीवर माझ्यासारख्याच फाइली. कारकून बाईंनी शाळेचं नाव विचारलं, आत गेल्या आणि अर्ध्या तासाने धूळ झटकत बाहेर आल्या. "नशीब तुमचं. पुढच्या महिन्यात जुन्या फाइली रद्दीत जाणार होत्या."

फाइल जाड नाही. वीस वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातला तपासणी अहवाल आहे. तिघांच्या सह्या. मी तो इतक्या वेळा वाचलाय की पाठ झालाय. 'यंत्रसामग्री समाधानकारक. प्रात्यक्षिक शिक्षण उत्कृष्ट, मान्यताप्राप्त संस्थांपेक्षाही सरस.' सरस लिहिलंय, अप्पा! कुणी पैसे मागितलेले नाहीत. कुणी अडवलेलं नाही. खाली एकच अट. 'प्राचार्यपदी पदवीधर व्यक्ती नेमावी. संस्थापकांनी कार्यशाळेचे मुख्य शिक्षक म्हणून काम सुरू ठेवावे, अशी समितीची आग्रहाची शिफारस आहे.'

आणि त्याच्या मागे टाचणीने लावलेलं तुमचं उत्तर. चौकोनी अक्षर. मे महिन्यातली तारीख. 'माझ्या शाळेत मी दुसऱ्याच्या हाताखाली राहणार नाही. अर्ज मागे घेत आहे.'

एवढंच. एका खुर्चीसाठी. ती खुर्चीसुद्धा तुम्ही स्वतः बनवलेली, एक पाय आखूड असलेली. लोकांचे पाय सरळ करणारा माणूस वीस वर्षं डुगडुगत्या खुर्चीत बसला, पण उठला नाही.

तुम्ही पदवीधर नाही हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. आपला बाप मास्तर आहे म्हणजे शिकलेलाच असणार, असं धरून चालले. तुम्ही सुताराच्या हाताखाली शिकलात, मग चामड्याचं काम, मग लष्कराच्या वर्कशॉपमध्ये पट्टे शिवता शिवता पाय बनवायला लागलात. त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? मला अभिमान वाटला असता. ऐकताय का? सांगितलं असतंत तर अभिमान वाटला असता.

पण मेनंतर जून येतो. त्या जूनमध्ये मला सरकारी संस्थेत प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. आठवतं? मी ते घेऊन अंगणात नाचले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालात, "मास्तरचीच मुलगी दुसरीकडे शिकली, तर इथे कोण येईल?" आई म्हणाली, "तिला जाऊ द्या." तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलात. मी ते पत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि सोमवारी तुमच्या वर्गात येऊन बसले. पहिल्या बाकावर.

तेव्हा तुम्हाला माहीत होतं. एक महिन्यापूर्वीच तुम्ही तो अर्ज स्वतःच्या हाताने मागे घेतला होता. त्यानंतर शिकलेल्यांची नावं मी तुमच्या माहितीपत्रकातल्या यादीत मोजली. दोनशे साठ. आणि त्यांतली पहिली मी.

पुढचं लिहिता येत नाही.


२३ मार्च

अप्पा,

दोन दिवसांपूर्वीचं पत्र टाकलं आणि एक गोष्ट डाचत राहिली. ती लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल की मुलगी फक्त दुसऱ्याचं माप काढते.

फॉर्ममधला नंबर तुम्ही दिला नव्हतात. मी बाईंना खोटं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला मान्यता क्रमांक विचारला, तुम्ही म्हणालात, "काम दाखव त्यांना," आणि त्यावरून आपलं वाजलं. हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. मी घरी आले, सर्टिफिकेट काढलं आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक मान्यतेच्या रकान्यात लिहिला. चुकून नाही. दोन्हींतला फरक समजून. कुणी बघणार नाही अशा हिशेबाने. कुणी बघितलंही नाही.

आणि मुंगीला बघितल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? तिची दया नव्हे. ही इथे रोज येऊ लागली तर शाळेचं नाव निघेल, ही भीती. म्हणून एवढ्या घाईने 'नाही' म्हणाले.

तरी तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही. गैरसमज नको.


६ एप्रिल

अप्पा,

तुम्ही न कळवता हॉस्पिटलात आलात, आणि परत जाताना एक शब्द बोलला नाहीत, म्हणून हे लिहावं लागतंय.

मी भांडारातून धावत आले तेव्हा तुम्ही प्रतीक्षागृहात पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. किती वाळलात! शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. मला वाटलं, जवळ जावं. तेवढ्यात तुम्ही समोरच्या माणसाला म्हणालात, "अहो, उजवीकडे झुकताय. टाच बोटभर उंच लागली आहे." ते माझे बस कंडक्टर होते. ती टाच मी बसवलेली. आणि तुमचं बरोबर होतं. त्याचाही मला राग आला.

बाईंच्या खोलीत तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यात विसरणार नाही. उभे राहूनच बोललात. "चूक माझी आहे. माझ्या पोरीला परत कामावर घ्या. तिचा हात बघा, कागद काय बघता?"

बाईंनी तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं होतं त्या तुम्हाला उडवून लावतील. म्हणजे मला त्यांचा राग करता आला असता.

"काका, वर्षाला चारशे अर्ज येतात. चारशे हात मी कसे बघू? मी टेक्निशियन नाही. मला कागदच वाचता येतो."

"कागद खोटा असतो."

"असतो ना. याआधी मी जिथे होते तिथे एक पेशंट जिन्यावरून पडली. चालता चालता पाय निसटला. बनवणाऱ्याकडे सर्टिफिकेट होतं, सोनेरी कडेचं, तीन महिन्यांत मिळालेलं. त्या संस्थेची पाटी आणि तुमची पाटी, मला रस्त्यावरून सारख्याच दिसतात. आत जाऊन बघायला माणसं नेमलेली आहेत. ती तुमच्याकडे आली होती. चांगलं आहे, असं लिहून गेली होती; तो अहवाल तुमच्या मुलीने मला दाखवलाय. परत तुम्ही पाठवलंत, काका."

तुम्ही पाण्याचा पेला टेबलावर ठेवलात. मग बारीक आवाजात म्हणालात, "हिचं काय होईल?"

तेव्हा त्या माझ्याकडे बघून बोलल्या. "सहा वर्षांपूर्वी तुमच्यासारखे चौघं होते इथे. त्यांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. मंडळाने तेव्हा एकदाच सवलत दिली होती, नोकरीत असलेल्यांना थेट परीक्षेला बसू दिलं. चौघंही पास झाले. आज कामावर आहेत. तुमची शाळा आड आली नसती. तुम्ही लिहिलेला नंबर आड आला."

एवढं ऐकून तुम्ही उठलात, पिशवी उचलली आणि चालू लागलात. मी मागून हाक मारली. तुम्हाला ऐकू आलं नसेल, असं मी समजते.

मी राजीनामा दिला आहे. बडतर्फ करण्याऐवजी तेवढी सूट त्यांनी दिली. परीक्षा पास होऊन आलात तर अर्ज घेईन म्हणाल्या, शब्द देत नाही म्हणाल्या.

पण आता सवलत नाही. थेट बसता येत नाही. मंडळाच्या कारकून बाईंना विचारलं. एकच वाट आहे. शाळेला तात्पुरती मान्यता मिळाली, तर जुने विद्यार्थी तिथेच सहा आठवड्यांची उजळणी करून परीक्षेला बसू शकतात. सगळे दोनशे साठ. अट तीच, वीस वर्षांपूर्वीची. सोबत तुमच्या राजीनाम्याचा मसुदा पाठवते आहे. मी टाइप केलाय. दोन ओळी आहेत. सही करा.

या वेळी विनंती करत नाही.


३० एप्रिल

अप्पा,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. आई फोनवर म्हणाली, कागद टेबलावर आहे, त्यावर पेपरवेट आहे, तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. म्हणाली, "त्यांना थोडा वेळ दे गं." वीस वर्षं दिली, आई.

काल मी मुंगीकडे गेले होते. पत्ता तिच्या तक्रारीवर होता. ती चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात काम करते आहे. टाचा बसवते. तुमची सगळ्यांत चांगल्या हाताची विद्यार्थिनी, अप्पा. काउंटरवर उभी राहून मी सगळं सांगितलं. फाइल, खुर्ची, तुमचं उत्तर, माझा जून. तुम्ही आम्हा दोघींना कसं फसवलंत ते. बोलता बोलता माझा आवाज एवढा चढला की दुकानाचे मालक आतून डोकावले.

ती टाचेवर हातोडी मारत ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. 'आपल्याला मान्यता नाही, मोठ्या ठिकाणी अडवतील, विचार करून ये.' आता ते सगळ्यांनाच सांगतात."

मी म्हटलं, "कधीपासून?"

"तुम्ही बोलणं टाकलंत, तेव्हापासून. असं म्हणतात सगळे."

मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर.

ती म्हणाली, "तुम्ही मास्तरांवर चिडा, तुमचे वडील आहेत ते. पण मला मास्तरांनी नाही नाकारलं. यादीनेही नाही. त्या डॉक्टरांना मी बरी वाटले होते, त्यांनी बाहेर येऊन सांगितलं मला. मला तुम्ही नाकारलंत." आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा बूट उचलला.

हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? की आता तुम्ही मुलांना सांगता म्हणून? तीन ओळींच्या पत्रात चौथी ओळ मावली नसती? मी तुम्हाला पहिल्याच पत्रात विचारलं होतं, तिला सांगितलंय का. 'हो' एवढं एक अक्षर लिहायचं होतं. तुमच्या गप्प बसण्याचा मला किती संताप येतो, तुम्हाला कल्पना नाही. चांगलं केलेलंसुद्धा लपवून ठेवता.

सही करा, अप्पा. माझ्यासाठी नको. तिच्या हातोडीचा आवाज मला अजून ऐकू येतोय.


१८ जून

अप्पा,

मंडळाचं पत्र आलं. तात्पुरती मान्यता, दोन वर्षांसाठी. तुमच्या राजीनाम्याची प्रत सोबत आहे. मी टाइप केलेल्या दोन ओळी तुम्ही खोडल्यात आणि हाताने लिहिलंय, 'हे मी वीस वर्षांपूर्वी करायला हवे होते.' सही नुसत्या नावाची. आडनाव नाही.

आईने बाकीचं सांगितलं. सही केल्यावर तुम्ही दोन दिवस अंथरुणातून उठला नाहीत, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेत गेलात आणि ऑफिसच्या दारातून वळून कार्यशाळेत जाऊन बसलात. नव्या प्राचार्यबाई तिशीच्या आहेत म्हणे. त्यांनी तुम्हाला विचारलं, प्लास्टर किती वेळ मुरू द्यायचं, आणि तुम्ही चिडून म्हणालात, "पदवीत शिकवलं नाही का?" मग तासभर शिकवलंत. आई हसत होती सांगताना. मी हसले नाही. अजून तेवढं जमत नाही.

उजळणीचा वर्ग सोमवारी सुरू होतो. त्रेसष्ट जणांनी नावं दिली आहेत. एक जण दोन नातवंडांचा आजोबा आहे. मुंगीचंही नाव आहे. तिची आणि माझी बस एकच. मी तिला निरोप पाठवला, शेजारची जागा धरून ठेवू का. उत्तर आलं, 'बसल्यावर बघू.'

मी घरी उतरणार नाही. शाळेजवळ खोली बघितली आहे. आईला सांगा, तिला भेटायला संध्याकाळी येईन. थांब्यावर घ्यायला येऊ नका, उन्हात उभे राहाल आणि पुन्हा माझ्याच जिवाला घोर. तो सरकारी प्रवेशाचा जून मी तुम्हाला माफ केलेला नाही. करेन की नाही, माहीत नाही. राग घेऊनच येते आहे, कुठे ठेवून यावं असं ठिकाण सापडलं नाही.

आणि एक. वर्गात मी तुम्हाला अप्पा म्हणणार नाही. इतरांसारखी मास्तर म्हणेन. तेवढं तुम्ही कमावलंय. बाकीचं पुढे बघू.

— मी